नारिंगी जळलेलं, निळं विझलेलं: एका खंड्याच्या फोटोंचं प्रकरण

छोटा खंड्या फोटोला सोपा वाटतो, तिथेच घोटाळ्याची सुरुवात होते. ठरलेल्या फांदीवर येतो, येताना 'ची-ची' करत वर्दी देतो आणि मासा दिसेपर्यंत बसून राहतो. अजून काय हवं? तरीही सलग चार सकाळी मी ज्या फाइली घरी आणल्या त्यांत पक्षी होता, पण डोळ्यांनी पाहिलेला रंग नव्हता. छातीचं नारिंगी म्हणजे एक सपाट ठिगळ. मानेवरचा पांढरा ठिपका कोरा. आणि पाठीवरची ती झळाळती निळी पट्टी पाहून वाटावं, प्लास्टिकच्या पिशवीचा तुकडा कापून चिकटवलाय. पिसं कुठेच नाहीत.

त्या चार आणि नंतरच्या सहा अशा एकूण दहा सकाळींच्या नोंदींवरून हे लिहितोय. शेवट मला हवा तसा झाला नाही, हे आधीच सांगून टाकतो.

मांडणी

मातीच्या बांधाचं उथळ तळं. काठाला पाणकणसाची दाटी. पाण्यातून एक वाळकी फांदी तिरकी वर आलेली, तिचं टोक पाण्यापासून साधारण ४० सेंटिमीटर उंच. पहिल्या चार दिवशी मी दक्षिणेच्या बांधावर ट्रायपॉड लावून उभा होतो. फांदी तिथून १० मीटरवर. पूर्वेकडे बांधामागे झाडांची रांग होती. तिच्याकडे तेव्हा मी लक्षच दिलं नाही.

फुल फ्रेम कॅमेरा, ५०० मिलिमीटरची लेन्स, एफ ६.३ (लेन्सच्या छिद्राचं माप). अ‍ॅपर्चर प्रायॉरिटी, ऑटो आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता), ऑटो व्हाइट बॅलन्स (प्रकाशाच्या छटेची दुरुस्ती कॅमेऱ्यावर सोपवलेली) आणि पिक्चर स्टाइल 'व्हिविड', रंग भडक करणारी. शेवटचं लिहिताना जरा लाज वाटते. नशिबाने रॉ (सेन्सरची कच्ची नोंद) आणि जेपेग (कॅमेऱ्याने तयार करून दिलेलं चित्र) दोन्ही साठवत होतो, नाहीतर पुढचा तपासच झाला नसता.

वेळ म्हणाल तर सूर्योदयानंतर तासाभराने, फांदीवर पिवळंधमक ऊन पडलं की. सोनेरी प्रकाशात काढावं हे इतक्या जणांकडून ऐकलेलं असतं की ते तपासून पाहावं असं वाटतच नाही.

आधी लेन्सला दोष दिला

साहजिकच होतं. पिसांचा तपशील दिसत नाही म्हणजे लेन्स मऊ, असं माझं म्हणणं. आकडे पाहिले तर संशयाला थोडी जागाही होती. १० मीटरवर या लेन्सच्या फ्रेमची रुंदी जेमतेम ७२ सेंटिमीटर, आणि पक्षी चोचीपासून शेपटीपर्यंत १६-१७ सेंटिमीटर. म्हणजे तो फ्रेमच्या पाव रुंदीतही मावतो, पुढे क्रॉप करणं आलंच. फोकसची खोली एफ ६.३ ला सुमारे १५ सेंटिमीटर. पक्षी आडवा बसला तर ठीक, पण चोच माझ्याकडे करून बसला तर डोळ्यापासून शेपटीपर्यंत सगळं धारदार येणं कठीण.

म्हणून चौथ्या दिवशी दुपारी घरी बारीक टायपाचा एक छापील कागद १० मीटरवर टांगला, त्याच सेटिंगवर २० फोटो काढले. अक्षरन् अक्षर वाचता येत होतं. लेन्स निर्दोष सुटली. मग पुन्हा फाइली उघडल्या आणि जे पहिल्याच दिवशी पाहायला हवं होतं ते दिसलं: त्याच फोटोंत पंजे धारदार होते, फांदीच्या सालीचा खडबडीतपणा धारदार होता, चोचही. तपशील फक्त रंगांच्या आत हरवत होता. फोकस चुकला असता तर तो नारिंगी आणि निळं निवडून चुकला नसता.

नारिंगीचा निकाल

हा भाग तुलनेने सरळ निघाला. पक्ष्यामागे सावलीतलं काळपट पाणी, आणि फ्रेमचा तीन चतुर्थांशाहून अधिक भाग तेच. कॅमेऱ्याचा प्रकाशमापक त्या काळोखाला उजळायला जातो आणि उन्हातला पक्षी बिचारा भाजला जातो. पाचव्या सकाळी एक्सपोजर कॉम्पेन्सेशन उणे एक स्टॉप केलं, म्हणजे कॅमेरा घेतो त्याच्या निम्मा प्रकाश, मानेवरचा पांढरा ठिपका परत आला. छाती मात्र जेपेगमध्ये अजून सपाटच.

इथे हिस्टोग्रामने, म्हणजे फोटोतल्या उजेड-अंधाराच्या आलेखाने, मला फसवलं होतं. मी पाहत होतो तो एकच पांढरा आलेख, तेजाचा. त्या हिशेबात हिरव्याचं वजन सगळ्यात जास्त, लालचं त्याहून बरंच कमी, निळ्याचं नाममात्र. नारिंगी पिसांत लाल चॅनल (फोटोतला लालचा वाटा) काठोकाठ भरून सांडत असतो आणि तेजाचा आलेख मात्र उजव्या भिंतीपासून, जिथे तपशील जळतो तिथून दूर, निवांत बसलेला दिसतो. तिन्ही रंगांचे वेगळे आलेख लावले तेव्हा लाल भिंतीला धडकलेला दिसला. त्यात 'व्हिविड'ने लाल आणखी फुगवलेला. कॅमेऱ्याच्या पडद्यावरचा आलेख रॉ फाइलवरून बनत नाही, तिच्यापासून तयार केलेल्या जेपेगवरून बनतो. त्यामुळे पिक्चर स्टाइल आणि व्हाइट बॅलन्स दोन्ही त्यात मुरलेले असतात. स्टाइल 'न्यूट्रल' केली, व्हाइट बॅलन्स ५५०० केल्विनवर बांधून टाकला, तीन आलेख कायमचे चालू ठेवले. उणे एकच्या आसपास राहिलो की छातीवर पिसांच्या ओळी दिसायला लागल्या.

ऑटो व्हाइट बॅलन्सबद्दल एक तक्रार इथेच नोंदवतो. पक्षी फांदीवर जरा सरकला, मागे पाण्याऐवजी पाणकणीस आलं, की त्याच पक्ष्याची छाती वेगळ्या छटेची. रॉमध्ये दुरुस्त करता येतं हे खरं, पण मग शंभर फ्रेम शंभर वेळा दुरुस्त करत बसा.

निळ्याची गोष्ट वेगळी

एक्सपोजर सुधारलं, नारिंगी सुटलं, तरी निळी पट्टी तशीच मेलेली. उलट कमी एक्सपोजरने ती आणखी जड, शाईसारखी झाली. इथे मी अडकलो, आणि मला वाटतं बरेच जण इथेच अडकून सॅच्युरेशनचा स्लायडर ओढायला लागतात.

खंड्याचं नारिंगी आणि निळं ही एका जातीची नाहीतच. नारिंगी हा रंगद्रव्याचा रंग; पिसात रंग भरलेला आहे, कुठूनही पाहा, नारिंगीच. निळ्यात निळं असं काहीच भरलेलं नाही. पिसाच्या तंतूंमध्ये केराटिनची स्पंजासारखी अतिसूक्ष्म जाळी असते, तिच्यातल्या पोकळ्यांचं अंतर असं की निळ्या-हिरवट लहरी विखरून एकमेकींना बळ देतात आणि आपल्या डोळ्यापर्यंत येतात. म्हणजे निळा रंग पक्ष्याचा थोडा आणि त्यावर पडणाऱ्या प्रकाशाचा बराच. जो प्रकाश पडतो त्यातच निळं कमी असेल तर जाळी परत काय पाठवणार? सूर्य क्षितिजालगत असताना किरणांना हवेच्या लांबलचक थरातून यावं लागतं आणि वाटेतच निळं विखरून जातं. ज्या सोनेरी उन्हाची मी चार दिवस वाट पाहत होतो ते नारिंगीला दुप्पट देत होतं आणि निळ्याचं काढून घेत होतं.

दुसरी बाब दिशेची. प्रकाश चहूबाजूंनी सारखा आला तर या जाळीची छटा जवळपास स्थिर राहते; एकाच दिशेने थेट आला तर कोन बदलला की छटा आणि चमक बदलते. दक्षिणेच्या बांधावरून माझ्यासाठी ऊन उजवीकडून येत होतं. अर्धा पक्षी उजेडात, अर्धा अंधारात, आणि पाठीची पट्टी एका फ्रेममध्ये हिरवट तर पुढच्यात गडद निळी.

तिसरी बाब निव्वळ यांत्रिक. ती पट्टी इतक्या शुद्ध आकाशी रंगाची असते की एसआरजीबीच्या (पडद्यांसाठीच्या नेहमीच्या रंगक्षेत्राच्या) कुंपणात तो रंग मावतच नाही. बदलताना लाल चॅनल शून्यावर आपटतो, आणि जिथे आकडाच शून्य तिथे शेजारच्या दोन पिसांतला फरक कशाने दाखवायचा? वरच्या टोकाला जळलेलं आपण ओळखायला शिकतो. खालच्या टोकाला विझलेलं कोणी पाहत नाही. रॉ फाइल मोठ्या रंगक्षेत्रात, १६ बिटमध्ये उघडली, आकाशी आणि निळ्याचं सॅच्युरेशन वाढवण्याऐवजी थोडं उतरवलं, तेव्हा चौथ्या दिवसाच्या 'मेलेल्या' फोटोतही पिसांच्या कडा उमटल्या. रंग कमी केल्यावर रंग दिसला, हे मला अजून गमतीचं वाटतं.

तुलनेसाठी त्याच तळ्याच्या गवतातल्या लाल मुनिया. त्यांचा लाल रंगद्रव्याचा आहे. त्यांना सोनेरी ऊन शोभून दिसतं; एक्सपोजर सांभाळलं की झालं. सगळ्या रंगीत पक्ष्यांना एकच सल्ला देणाऱ्यांवरचा माझा विश्वास या मुनियांनी उडवला.

सावलीचं गणित

आता प्रश्न असा: निळ्याला हवा तो प्रकाश कधी मिळतो? उत्तर पूर्वेच्या झाडांत होतं.

झाडं अंदाजे ७ मीटर उंच, फांदीपासून ३५ मीटरवर. उंचीला अंतराने भागलं तर एक पंचमांश, म्हणजे सूर्य सुमारे ११ अंश वर येईपर्यंत फांदीवर ऊन पोचणार नाही. सूर्य आपल्या वाटेने दर ४ मिनिटांना एक अंश सरकतो. तो सरळ वर चढला तरी ४५ मिनिटं, आणि वाट तिरकी असते म्हणून प्रत्यक्षात त्याहून जास्त. म्हणजे सूर्योदयानंतर पाऊण तासाहून अधिक वेळ फांदी उघड्या आभाळाखाली पण उन्हाबाहेर होती. आभाळाचा प्रकाश निळसर, मऊ, चहूबाजूंचा. खंड्या तेव्हा तिथे असायचाच. मीच ऊन यायची वाट बघत थर्मास उघडून बसायचो.

त्यानंतरची दहा-बारा मिनिटं सगळ्यात वाईट: पानांतून गाळलेलं ऊन, पक्ष्यावर कवडसे. ही वेळ ओळखून बोट शटरवरून काढायला शिकलो, यातच निम्मं कार्ड वाचलं.

जागा बदलली

सहाव्या दिवशी मी पूर्वेच्या बांधावर गेलो, फांदी तिथूनही १० मीटरवरच, आणि उभं राहण्याऐवजी उताराला पालथा पडलो. लेन्स बीनबॅगवर, पाण्यापासून साधारण फांदीच्याच उंचीला.

उंचीने काय फरक पडतो हे मी आधी कधी मोजलं नव्हतं. बांधावर उभं असताना लेन्स पाण्यापासून २.६ मीटरवर होती, म्हणजे मी सुमारे १२ अंश खाली पाहत होतो. त्या कोनाने पक्ष्यामागची नजर पाण्याला जिथे टेकते ती जागा पक्ष्यापासून अवघ्या २ मीटरवर. बॅकग्राउंड म्हणून मला २ मीटरवरचं पाणी मिळत होतं, त्यावरच्या प्रत्येक तरंगासकट. आडवं पडल्यावर नजर सरळ पलीकडच्या काठाला गेली, पक्ष्यामागे ३० मीटर. पाणकणीस विरघळून हिरव्या धुक्यासारखं झालं. लेन्स तीच, अ‍ॅपर्चर तोच.

एक धोका मात्र नव्याने आला. सूर्य पाठीशी आणि ११ अंशांवर असताना सावली उंचीच्या पाचपट पडते. बांधासकट माझी उंची २.७ मीटर धरली तर मी नुसता उठून उभा राहिलो की माझी सावली फांदीच्याही पलीकडे जाते. ऊन आल्यावर उठायचं नाही, म्हणजे नाही. पाय झोपले तरी.

सहावा दिवस कोरा गेला. नव्या जागी नवा आकार पाहून पक्षी फांदीवर आलाच नाही. लांब पाणकणसाच्या दांड्यावर ताठ, अंग आवळून बसला आणि उडाला. मी उजाडल्यावर पोचलो होतो ही चूक. सातव्या दिवशी सूर्योदयाआधी ४० मिनिटं जाऊन जाळी अंगावर घेऊन पडलो. पक्षी आला, पण थंड हवेत कोमट पाण्यावर धुकं उठलेलं. कॉन्ट्रास्ट गेला, आणि वर लेन्सच्या काचेवर दव. दव पुसत बसणं, हेच त्या दिवसाचं एकमेव उत्पन्न.

आठवी सकाळ

नोंदवहीत फक्त आकडे आहेत, तेच देतो. मॅन्युअल मोड, एफ ६.३, आयएसओ १६००. सूर्योदयानंतर दहाव्या मिनिटाला शटर १/१२५ सेकंद, विसाव्याला १/२५०, पस्तिसाव्याला १/५००. दर चार-पाच मिनिटांनी एक चाचणी फ्रेम, तिन्ही आलेख पाहायचे, शटर एक पाऊल पुढे.

१/१२५ ला ५०० मिलिमीटर म्हणजे वेडेपणा वाटेल. पण बीनबॅगवर लेन्स स्थिर असते आणि फांदीवरचा खंड्या दोन हालचालींच्या मध्ये दगडासारखा थांबतो. पाण्यातल्या माशाचा अंदाज घेताना तो डोकं खाली-वर करतो. झोका संपतो त्या टोकाला अर्धा क्षण पूर्ण स्तब्धता. तिथे तीन-चार फ्रेमचा छोटा बर्स्ट. बटण दाबून धरलं तर झोक्यातल्याच फ्रेम जास्त येतात. तरीही १/१२५ च्या बहुतेक फ्रेम फेकल्या; १/२५० पासून पुढच्या बऱ्याच राहिल्या. शटर आवाज न करणारं ठेवलं होतं. सूर मारतानाचे फोटो या वेगाला शक्यच नव्हते, आणि ते प्रकरण वेगळं आहे.

फोकसचा चौकोन डोळ्यावर ठेवणं जरा त्रासाचं. खंड्याचा डोळा काळा, त्यापुढची रेघही गडद. प्रकाश कमी असला की फोकस डोळा सोडून नारिंगी गालाला चिकटतो. पण मऊ प्रकाशाचा एक फायदा: डोळ्यात आभाळाचं एक मोठं, फिकट प्रतिबिंब पडतं. उन्हात तिथे एक टोकदार ठिपका यायचा, किंवा सावलीची बाजू असली तर काहीच नाही.

निवडलेली फ्रेम तेविसाव्या मिनिटाची. पक्षी पाठमोरा, मान वळवून माझ्या बाजूला पाहतोय. चोचीचा खालचा भाग लालसर, म्हणजे मादी; नराची चोच पूर्ण काळी असते. पाठीच्या पट्टीत प्रत्येक पिसाची कड सुटी दिसते, डोक्यावरचे निळे ठिपके मोजता येतात. व्हाइट बॅलन्स नंतर थोडा उबदार केला, फार नाही. सावलीसाठीच्या 'शेड'च्या ठरीव आकड्यावर नेला तर नारिंगी खुलतं आणि निळं पुन्हा मंदावतं. एकात मिळवायला गेलं की दुसऱ्यात जातं. मी निळ्याच्या बाजूने निकाल दिला.

नवव्या दिवशी

पक्ष्याने मासा पकडला, फांदीवर आपटला, आणि गिळला नाही. स्वतः खायचा असतो तेव्हा खंड्या मासा उलटवून डोक्याकडून घशात सोडतो, कल्ले-पंख अडकू नयेत म्हणून. या वेळी माशाचं डोकं चोचीच्या बाहेरच्या टोकाला होतं. असा मासा दुसऱ्याला भरवायचा असतो: जोडीदाराला किंवा पिल्लांना. तो घेऊन ती माझ्या दिशेने निघाली, मध्येच वळली, पाण्यावर एक गिरकी घेतली आणि पुन्हा फांदीवर. दोनदा असंच.

मी जाळीखालून मान वळवून पाहिलं. बांधाची एक कड ढासळून मातीची उभी भिंत तयार झाली होती, माझ्यापासून डावीकडे दहा-बारा पावलांवर. तिच्यात मुठीएवढं भोक, खाली पांढऱ्या शिटेची ओघळ. सहाव्या दिवसापासून मी तिच्या घराच्या वाटेत पडून होतो. तिचं ताठ होऊन बसणं मी तेव्हा नव्या आकाराची भीती समजलो. ते अर्धंच खरं असावं.

ऊन फांदीवर आलेलं नव्हतं, प्रकाश आठव्या दिवसाइतकाच चांगला होता. रांगत, बांधाच्या पलीकडच्या उताराने निघालो. दूर गेल्यावर दुर्बिणीतून पाहिलं. दोन मिनिटांत ती भिंतीत शिरली.

दहाव्या सकाळी कॅमेरा न घेता गेलो, दक्षिणेच्या बांधाच्याही मागे थांबलो, इतकंच पाहायला की येणं-जाणं सुरळीत आहे का. होतं. अंडी उबायला सुमारे तीन आठवडे, त्यानंतर पिल्लं बिळात साडेतीनेक आठवडे राहतात. यांचं काम कुठवर आलं होतं कळायला मार्ग नव्हता, म्हणून सात आठवडे तळ्याकडे फिरकायचं नाही असं ठरवलं.

त्या काळात तेविसाव्या मिनिटाच्या फ्रेमचा मॅट कागदावर प्रिंट काढला. छाती उत्तम आली. पाठीची पट्टी पुन्हा मंद. शाईला तो आकाशी गाठताच येत नाही. चकचकीत कागदावर थोडी सुधारली. मॉनिटरवर प्रिंटचा आभास लावून आकाशीचं तेज किती वाढवलं तर पिसं टिकतात, याच्या चार पट्ट्या छापून ठेवल्यात. तिसरी पट्टी सगळ्यात जवळची वाटते, पण दिवसा खिडकीपाशी पाहिली तर. रात्री दिव्याखाली चारही पट्ट्या सारख्याच विझलेल्या दिसतात.